नळीच्या तोंडाला कुंकू

अण्णा,

काल दुपारी पोस्टमन धावपट्टीपर्यंत सायकल हाणत आला आणि त्याने माझ्या हातात एक लांब पाकीट दिलं. मुंबईहून आलेलं, टाइप केलेला पत्ता. असंच पाकीट तुम्हाला आलं होतं तेव्हा तुम्ही ते दोन दिवस फोडलं नव्हतं. शर्टाच्या खिशात घालून हिंडत होता, आणि मी विचारलं तर म्हणाला होता, "आत हाय तवर दोन्ही बातम्या आपल्याच हायत रं." माझ्याच्याने एवढा दम निघत नाही, हे तुम्हाला माहीतच आहे. मी उभ्याउभ्याच फोडलं. प्रवाशांची विमानं चालवणाऱ्या कंपनीने मला मुलाखतीला बोलावलं आहे, दिवाळी झाल्यावर. ते पत्र मी चार वेळा वाचलं आणि पुन्हा घडी घालून पाकिटात ठेवलं. आज खंडेनवमी. ते पत्र आणि हा दिवस असे लागोपाठ आले नसते तर मी कदाचित हे लिहायला बसलोही नसतो. तुम्हाला जाऊन सात वर्षं होत आली. तुम्हाला मी बहुतेक सगळं सांगितलं होतं, एक गोष्ट सोडून. पण ती एकदम लिहिता येणार नाही. आधी बाकीचं लिहितो.

आज सकाळी पलीकडच्या गावचे ऊसवाले पूजेचं ताट घेऊन आले. झेंडूचे हार, नारळ, हळदकुंकू, अक्षता, सगळं. कराडची धावपट्टी तीच आहे, कडेच्या बाभळी तेवढ्या वाढल्यात, आणि फवारणीचं विमान तुमचं नाही, त्याच्या नंतरचं आहे. त्या विमानात आता मी बसतो, हे लिहिताना अजूनही वाटतं की कुणीतरी मागून येऊन, खाली उतर, म्हणेल. मी काकीने शिवलेली लाल कापडाची पिशवी पंखावरच्या नळीवर घट्ट बांधली, ताट स्वतःच्या हातात घेतलं आणि म्हणालो, पूजा करा, पण चाकाची करा, नारळ चाकापाशी फोडा. त्यातला एक म्हातारा काही ऐकेना. "आवं पायलट, हत्याराचं तोंड सोडून पायाची पूजा करायची व्हय?" मी म्हणालो, "बाबा, ह्याचं तोंड लय नाजूक हाय. पायाचीच करा." म्हातारा पुटपुटत चाकापाशी बसला. बाकीचे हसले. मला हसू आलं नाही. ताट परत देताना माझ्या अनामिकेला ओलं कुंकू लागलं होतं, ते मी तीनदा धुतलं.

तुम्ही मला पहिल्यांदा पाहिलंत ते पलूसकडच्या एका उसाच्या कडेला, हातात पांढरा झेंडा घेतलेला. नववीत नापास होऊन मी घरी बसलो होतो आणि वडिलांनी फवारणीवाल्यांकडे झेंडा धरायला लावून दिलं होतं. उसावर कीड पडलेली, जिल्ह्यात विमान आलेलं, आणि आमच्यासारखे दहाबाराजण शेताच्या दोन टोकांना झेंडे धरून उभे. विमान डोक्यावरून गेलं की पंधरा पावलं बाजूला सरकायचं आणि पुन्हा झेंडा उभा करायचा, म्हणजे पुढची फेरी कुठून मारायची ते वरून कळतं. बाकीचे अंदाजाने सरकत. मी मोजत असे. मला अंदाजाची भीती वाटते, आजही वाटते. तीन दिवसांनी तुम्ही शेतावर चालत आलात. वायुदलातून सुटलेला अधिकारी म्हणून मी मिशा, गॉगल असं काहीतरी मनात धरलं होतं, तर पुढे माण तालुक्यातला एक काळासावळा, किडकिडीत माणूस, पायात साध्या चपला. "वरनं सगळ्यांचं पट्टं वाकडं दिसत्यात," तुम्ही म्हणालात, "तुझंच सरळ हाय. काय करतोस?" मी म्हणालो, "पावलं मोजतो, साहेब." तुम्ही म्हणालात, "साहेब म्हनू नगंस. मी मेंढरं राखलेला माणूस हाय. मोजायचं मला मेंढरांनीच शिकिवलं. संध्याकाळी एक कमी भरलं की बा भाकरी द्यायचा न्हाई." त्या दिवसापासून तुम्ही अण्णा झालात.

मग तुम्ही मला शेतं बघायला बरोबर नेऊ लागलात. उद्या ज्या शेतावर उडायचं त्याच्या चारी बाजूंनी आज पायी हिंडायचं, हा तुमचा नेम. दुसरे पायलट नकाशा बघत आणि चहा पीत. तुम्ही म्हणायचा, उसावर उडणाऱ्या माणसाला वारा मारत नाही, पाऊस मारत नाही, विजेची तार मारते. "तार कवाच दिसत न्हाई रं. खांब दिसतो. खांब बघायचा आन् तार समजायची." मी वहीत खांब काढत असे, प्रत्येक खांबाला आकडा देत असे. त्या दिवसांत जिकडेतिकडे विहिरींवर विजेच्या मोटरी बसत होत्या, महिन्यापूर्वीचा नकाशा खोटा ठरत होता. म्हणून तुम्ही बांधावर गवत कापणाऱ्या बायकांना विचारायचा. एकदा एका म्हाताऱ्या बाईला विचारलंत, "आक्का, हितं नवी मोटर कुणाची बसली का?" ती म्हणाली, "बसली की. थोरल्या घरानं तार ओढलीया, त्या जांभळीपासनं हिरीपातूर." जांभळीच्या फांद्यांत ती तार अशी दडली होती की मी तिच्याखाली उभा असून मला दिसली नव्हती. तुम्ही त्या बाईला दोन्ही हात जोडलेत. ती लाजून म्हणाली, "मला काय पाया पडताय, मी काय विमान चालवतीया?" वाटेत तुम्ही म्हणालात, "आज तिनंच चालिवलं." अजूनही मी शेताला फेरी मारताना गवत कापणारी बाई शोधतो. आमचा नवा व्यवस्थापक त्याला हसतो. हसू दे.

कराडच्या तुमच्या खोलीत स्टोव्ह होता, पण भाकरी तुम्ही चुलीवरच करायचा. स्टोव्हवरच्या भाकरीला रॉकेल लागतं म्हणायचा. मी संध्याकाळी तुमच्याकडे जाऊन बसायचो. हुलग्याचं माडगं, बाजरीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा, माणचं जेवण. आमच्या नदीकाठच्या लोकांना ते घशाखाली उतरत नाही, मला तुमच्यामुळे गोडी लागली. तिथेच तुम्ही मला विचारलंत की मला नेमकं काय करायचं आहे. मी म्हणालो, उडायचं आहे. एवढं मोठं वाक्य मी तोपर्यंत कुणापुढे बोललो नव्हतो. तुम्ही हसला नाहीत. भाकरी उलटी केलीत आणि म्हणालात, "मग आदी मॅट्रिक हो." मी म्हणालो, "इंग्रजी न्हाई येत अण्णा. त्यातच गेलो." "मला तरी कुटं येत हुतं. वायुदलात शिव्या खात खात आलं. शिव्या इंग्रजीत असत्यात म्हनून माणूस शिकतो." त्या हिवाळ्यात मी बाहेरून मॅट्रिकला बसायचा फॉर्म भरला. तुमचं इंग्रजी माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं होतं, पण मराठी लिहायला घेतलं की तुमची तारांबळ उडायची. माणला घरी राहिलेल्या काकीला पत्र लिहिताना तुम्ही मला कागद दाखवायचा, मी ऱ्हस्व-दीर्घ नीट करायचो आणि तुम्ही म्हणायचा, "तिला वाचताच येत न्हाई, शेजारचा मास्तर वाचून दावतो. मास्तरासाठी नीट कर."

कंपनीचं एक जुनं दोन जागांचं विमान होतं, पाहणीसाठी ठेवलेलं. त्यात तुम्ही मला एकदा वर नेलंत. कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन एकमेकींत शिरतात ते मी वरून बघतो आहे आणि माझ्या दोन्ही हातांनी सीटची कड धरलेली आहे. तुम्ही ओरडून सांगता, "हात सोड, विमान तुझ्या धरल्यानं ऱ्हात न्हाई." मी एक हात सोडतो. पूर्वेकडे ढग आहेत, आणि तुम्ही मला दहिवडीवरून नेणार होता, तुमचं घर दाखवणार होता, पण ढग बघताच काहीही न बोलता विमान वळवता. खाली उतरल्यावर पाहणीला आलेला एक ऊसवाला म्हणाला, "काय पायलट, एवढुशा ढगाला भ्याला?" तुम्ही म्हणालात, "भ्यालो की. भ्यालो म्हनून तुमच्यासंगं च्या प्यायला आलो." तुम्हाला कधी राग कसा येत नाही याचं मला नवल वाटायचं. त्याच संध्याकाळी मात्र आला. मी माझ्या वहीत तारीख घालून ‘उड्डाण, पाऊण तास’ असं सुवाच्य अक्षरात लिहून तुम्हाला दाखवायला आणलं. तुम्ही वही बंद केलीत. "तू उडला न्हाईस. तू बसला हुतास. खोड ते." मी मान खाली घातली. मग तुम्ही म्हणालात, "ह्या धंद्यात तासांवर माणूस वर जातो. त्यामुळं लोक न उडालेलं तास लिवत्यात. एक दिवस ढगात सापडलं की त्याच तासाची गरज पडती, आन् तो तास कुटंच नसतो. नोकरी उशिरा लागली तर लागू दे. वही खरी ठेव." मी खोडलं. तो खोडलेला कागद अजून आहे माझ्याकडे.

पुढल्या साली, दसरा आठदहा दिवसांवर आलेला असताना, तुम्हाला ते पाकीट आलं. दोन दिवसांनी फोडलंत. मुंबईच्या कंपनीने तुम्हाला जवळजवळ घेतलंच होतं. वैद्यकीय तपासणी आणि गेल्या वर्षाचा स्वच्छ अहवाल, एवढंच राहिलं होतं. काकी त्या आठवड्यात कराडला आल्या होत्या. त्यांनी मुंबईचं ऐकून एकच विचारलं, "तितं घरात नळ असतोय का?" तुम्ही म्हणालात, "दोन असत्यात. एक मोरीत, एक सैपाकात." त्या भांडी घासायला बसल्या होत्या, पण त्यांचा हात थांबला होता. माणमध्ये उन्हाळ्यात त्या दोन मैलांवरून पाणी आणत. मी उंबऱ्याजवळ बसून इंग्रजीचे शब्द पाठ करत होतो. माझ्या मनात आलं, हे गेल्यावर मला कोण शिकवणार. लगेच मी तो विचार झटकला आणि शब्द पाठ करायला लागलो.

खंडेनवमीला मेकॅनिक दसऱ्यासाठी गावी गेला होता. विमानाजवळ मीच होतो. तुम्ही मला सांगितलं होतं, ऊसवाले पूजेला येतील, येऊ देत, त्यांच्यासाठी ते हत्यार आहे. ते आले, हार घातले, नारळ फोडला, निघून गेले. पण मला वाटलं, त्यांनी पूजा अर्धवट केली. आमच्या घरी खंडेनवमीला वडील प्रत्येक हत्याराच्या तोंडाला कुंकू लावतात. नांगराच्या फाळाला, विळ्याच्या धारेला, पाण्याच्या इंजिनाच्या नळीच्या तोंडाला. तोंड राहिलं तर ते हत्यार वर्षभर रुसतं, असं आई म्हणते. मी विमानाभोवती हिंडून त्याचं तोंड कुठलं ते शोधलं. पुढच्या पंख्याला ऊसवाल्यांनी कुंकू लावलं होतं. मग पंखावरची ती पुढे आलेली बारीक नळी दिसली, लाल पिशवी घातलेली. वाऱ्याकडे तोंड करून असलेली ती एकच वस्तू. मी पिशवी काढली, अनामिकेने ओलं कुंकू नळीच्या तोंडावर लावलं, अक्षता लावल्या, नीट चिकटाव्यात म्हणून बोटाने दाबल्या, हात जोडले आणि पिशवी पुन्हा बांधली. गाठसुद्धा तुम्ही शिकवली होती तशीच. ती नळी काय करते हे मला माहीत नव्हतं. तुम्ही रोज तिला डोळा लावून आत बघता एवढं माहीत होतं.

दसऱ्याच्या सकाळी मुहूर्तावर पहिली फेरी मारायची असा गावकऱ्यांचा हट्ट. धावपट्टीच्या कडेला शेदीडशे माणसं, नवे कपडे, बैलांच्या शिंगांना रंग. तुम्हाला औषध भरणाऱ्यांनी घेरलेलं, सरपंच पेढा तोंडात कोंबतो आहे. मी पिशवी काढली. नळीच्या बाहेरचं कुंकू फडक्याने स्वच्छ पुसलं. तुम्ही विमानात चढता चढता मागे वळून विचारलंत, "नळी बघितलीस का रं?" मी म्हणालो, "व्हय अण्णा, बघितली." मी पुसली होती. आत बघितलं नव्हतं. तुम्ही चढलात. तुम्हाला ओळखायला लागल्यापासून पहिल्यांदाच तुम्ही स्वतः न बघता चढलात, आणि ते माझ्या शब्दावर.

विमान सुटलं, माणसं कडेने धावायला लागली, काही आडवीच येऊ लागली. ते वर गेलं. पलूसकडे वळायला हवं होतं ते वळलं नाही. गोल फिरून पुन्हा आलं, पुन्हा गेलं. मग नदीपलीकडच्या पडीक माळावर सगळं औषध एकदम सोडून दिलंत, पांढरा पडदा पडावा तसं. माणसांना वाटलं हा दसऱ्याचा खेळ, त्यांनी टाळ्या वाजवल्या. मला कळलं की काहीतरी बिघडलं आहे, आणि मी हातातल्या लाल पिशवीकडे बघितलं. तुम्ही फार वेगात आलात. चाकं टेकली, विमान थांबेना, धावपट्टी संपली, पुढच्या बाभळीत शिरून थांबलं. मी सगळ्यांच्या पुढे पळत गेलो. तुम्ही उतरत होता. कपाळावर ओरखडा, पंख्याचं एक पान वाकलेलं. तुम्ही विमानाकडे बघितलं नाहीत, माझ्याकडे बघितलं नाहीत, सरळ नळीपाशी गेलात, खिशातली बारीक तार आत घातलीत आणि ओढलीत. तारेला लाल चिकट काहीतरी आलं आणि त्यात तांदळाचे दोन दाणे. तुम्ही ते धोतराला पुसावं तसं पॅंटला पुसलंत.

चार दिवसांनी मुंबईहून आपल्या फवारणी कंपनीचा अधिकारी आला. शेडमध्ये टेबल टाकून बसला. मी दाराशी उभा होतो. त्याने विचारलं, वेगाचा काटा चालत नव्हता हे कधी कळलं. तुम्ही म्हणालात, धावपट्टीवर पळतानाच कळलं, पण पुढं माणसं होती, थांबलो असतो तर त्यांच्यात गेलो असतो. काटा नसताना हळू येणं म्हणजे पडणं, म्हणून जोरात आलो, म्हणून थांबलं नाही. त्याने विचारलं, नळी कशाने बंद झाली? तुम्ही म्हणालात, "कशाने का होईना. बघितली असती तर दिसलं असतं." "मग जमिनीवरची तपासणी कोण करतं?" "पायलट." "इथला मदतनीस?" आणि त्याने माझ्याकडे बघितलं. तुम्ही म्हणालात, "तो झेंडा धरतो. नळी बघायचं काम माझं." त्याने कारणाच्या रकान्यात ‘कीटक असावा’ असं लिहिलं, आणि खाली, पायलटने उड्डाणापूर्वीची तपासणी अपुरी केली. तुम्ही सही केलीत. मी तोंड उघडलं नाही.

त्या संध्याकाळी तुम्ही मला जेवायला बोलावलंत. काकी परत गेल्या होत्या. मी चुलीपुढे बसलो तर तुम्ही लोखंडी फुंकणी माझ्या हातात दिलीत. "फुंक. दुसऱ्या तोंडाला बोट धर." मी फुंकलं. बोटाला वारा लागला. "विमानाच्या नळीत वारा असाच शिरतो. जितका जोर तितका काटा वर. त्या काट्यावर मी जिता असतो." मग तुम्ही परातीतला पिठाचा गोळा तोडून फुंकणीच्या तोंडात बसवलात. "आता फुंक." मी फुंकलं, गाल दुखले, काही आलं नाही. मला रडू फुटलं. मी म्हणालो, "अण्णा, मी कुंकू लावलं. मी साहेबाला सांगतो." तुम्ही म्हणालात, "ठाव हाय मला. किडा कुंकू लावून बसत न्हाई, गड्या." मग तुम्ही भाकरी थापायला घेतलीत आणि थापता थापताच बोललात. "तुजं नाव कागदावर गेलं तर तू परत झेंड्यालाबी न्हाईस. माजं गेलं तर मी हाय तितं ऱ्हातो. आन् मी खोटं बोललो न्हाई. दुसऱ्यानं बघितलेलं आपुन बघितलेलं नसतं, हे मीच तुला सांगत हिंडतो, आन् मीच चढलो. कुंकू लावलंस त्याचा राग न्हाई. बघितली म्हनलास त्याचा हाय. न्हाई बघितली म्हनायला शिक. लय अवघड हाय, पर विमानात लय कामाला येतं." एवढंच. पुन्हा कधीही तुम्ही तो विषय काढला नाहीत. काकीने त्यानंतर नळीसाठी जाड लाल कापडाची नवी पिशवी शिवून पाठवली, तेवढंच.

दुसऱ्या खेपेला मी मॅट्रिक झालो. तुम्ही मला कोरी लॉगबुक आणून दिलीत, उड्डाणाच्या तासांची खरी वही. वर माझं नाव तुमच्या अक्षरात, त्यात एक वेलांटी चुकलेली. मी ती दुरुस्त केली नाही. "भरायला लय वर्सं लागतील," तुम्ही म्हणालात, "घाई करू नगंस. बारकं इमान नीट उडिव, मोठं आपसूक येतंय." फ्लाइंग क्लबात सवलतीची जागा मिळावी म्हणून तुम्ही लिहिलेल्या अर्जाला आलेला होकार, तिथे माझ्याकडे तुच्छतेने बघणारी कॉलेजची मुलं, माझं पहिलं एकट्याचं उड्डाण, यातलं काहीच तुम्ही बघितलं नाहीत. त्याआधीच तुम्ही कावीळ होऊन माणमध्ये गेलात. दहाव्याला मी आलो होतो. काकी म्हणाल्या, "मुंबई झाली असती तर नळाचं पाणी मिळालं असतं मला. पर माणूस हितंच बरा हुता." मी त्यांच्या पायांकडे बघत होतो. टाचांना भेगा होत्या.

हे पत्र कुठे टाकू? काकीच्या पत्त्यावर टाकलं तर तो शेजारचा मास्तर त्यांना वाचून दाखवेल, आणि पुढचं त्यांनी ऐकू नये असं मला वाटतं. म्हणून टाकणार नाही. लॉगबुकमध्ये ठेवीन, त्या खोडलेल्या कागदाजवळ. मुंबईला जायचं की नाही ते अजून ठरलेलं नाही. गेलो तर नळ असलेलं घर मिळेल, आणि काकी येतील का ते विचारीन. त्या येणार नाहीत. उद्या दसरा, सकाळी पहिली फेरी आहे, आणि नळी मीच बघणार आहे.

राहिलेली गोष्ट अशी. त्या दिवाळीच्या आधी तुम्हाला मुंबईहून दुसरं पाकीट आलं, पातळ. तुम्ही ते माझ्यासमोर फोडलंत, वाचलंत, खिशात घातलंत आणि म्हणालात, "चला, औषध भरायला घ्या." त्या दिवशी मी सायकलवरून घरी गेलो. वाटेभर मी शीळ घालत होतो, आणि ते मला घर आल्यावर कळलं. तुम्ही आता कुठेही जाणार नव्हता. मी आईला शेवयांची खीर करायला सांगितली. तिने विचारलं, "काय रं, कशाबद्दल?" मी म्हणालो, "असंच, खावीशी वाटली." दोन वाट्या खाल्ल्या.